थँक्सगिव्हिंगचे ताट कोणी वाढले?

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की अमेरिकेतले विमानतळ आणि महामार्ग तुंबतात. जो तो घरी निघालेला असतो. गुरुवारी दुपार कलता कलता भाजलेली टर्की टेबलावर येते, घरातले कोणी वडीलधारे देवाचे आभार मानते आणि मग जेवण निवांत चालते. हा थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे आभार मानण्याचा, सण आला कुठून, असे विचारले तर तिथले शाळकरी पोरही १६२१ सालची, आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथ वसाहतीची गोष्ट सांगते: मेफ्लॉवर जहाजातून आलेले इंग्लिश धर्मनिष्ठ, त्यांना मका लावायला शिकवणारे मूळ रहिवासी आणि दोघांची एकत्र पंगत. पंगत झाली हे खरे. पण आजचा सण त्या पंगतीतून निघालेला नाही. सण आधी रुजला आणि पंगत त्याला दोनशे वर्षांनंतर जोडली गेली.

त्या पंगतीचे प्रत्यक्षदर्शी वर्णन एकच आहे. वसाहतीतलाच एक जण एडवर्ड विन्स्लो याने डिसेंबर १६२१ मध्ये इंग्लंडला पाठवलेल्या पत्रातला तो जेमतेम एक परिच्छेद. पीक हाती आल्यावर गव्हर्नरने चौघांना पक्षी मारायला धाडले आणि त्यांनी एका दिवसात जवळजवळ आठवडाभर पुरतील इतके आणले. तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक पुरुष घेऊन आला, तीन दिवस मेजवानी चालली, पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणून दिली. संपले. पत्रात त्या दिवसांना थँक्सगिव्हिंग म्हटलेले नाही, आणि टर्कीचे नाव नाही. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने त्या हंगामात रानटर्क्या भरपूर होत्या अशी नोंद केली आहे, म्हणून ती ताटात असू शकते. भोपळ्याची पाई मात्र असणे शक्य नाही, कारण गव्हाचे पीठ आणि लोणी दोन्ही नव्हते. बटाटाही नव्हता. आणि रांधायला बायका तरी किती होत्या? जहाजातल्या १०२ प्रवाशांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. संसारी बायकांपैकी चौघीच उरल्या होत्या. हाताशी काही तरण्या मुली, आणि जेवायला सव्वाशेच्या वर माणसे! विन्स्लोने यावर एक शब्द खर्च केलेला नाही.

खुद्द प्लिमथच्या इंग्लिश वसाहतकारांच्या लेखी आभाराचा दिवस म्हणजे चर्चचा दिवस. नाताळ, ईस्टर, संतांचे सण यांना बायबलचा आधार नाही म्हणून त्यांनी आणि इतर प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या सुधारणावादी इंग्लिश प्रोटेस्टंटांनी, ते सगळे मोडीत काढले होते. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. त्यांच्याकडे उरले दोनच प्रकार. दुष्काळ, साथ किंवा लढाई आली की उपवासाचा दिवस. संकट टळले की उपकारस्तुतीचा. १६२३ च्या उन्हाळ्यात प्लिमथला पिके करपू लागली तेव्हा आधी प्रार्थनेचा दिवस पाळला गेला, मग पाऊस झाला आणि त्यानंतर उपकारस्तुती. धर्माच्या अंगाने पाहिले तर आजच्या सणाचा पूर्वज शोधायचा तो इथे, हरणाच्या मेजवानीत नाही. फ्लोरिडातले सेंट ऑगस्टिन १५६५ च्या स्पॅनिश मिस्साकडे बोट दाखवते आणि व्हर्जिनिया १६१९ च्या बर्कली वस्तीकडे. पण त्या दोन्हींतून पुढे परंपरा चालू झाली नाही.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे प्लिमथसह अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या वसाहतींत, ती झाली. आधी प्रसंगानुरूप पाळला जाणारा दिवस हळूहळू दरवर्षी सुगीनंतर ठरू लागला. सकाळी प्रवचन आणि मग घरी जेवण. जेवणाचे वजन किती लवकर वाढले याची साक्ष कनेटिकटमधल्या कोलचेस्टर गावाने दिली आहे. १७०५ साली तिथल्या गावसभेने ठरलेला दिवस सोयीचा नाही म्हणून एक आठवडा पुढे ढकलला. कागदावर कारण मोघम आहे, पण पाईसाठी लागणारी काकवी वेळेवर पोचली नव्हती अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांना ती पटली यातच बरेच काही आले. पुढे याच न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल, म्हणजे प्युरिटन वारशाच्या, मंडळ्यांतून निघालेले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले. त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले आणि १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. मराठी ख्रिस्ती मंडळींचा एक मोठा भाग त्या अर्थाने प्लिमथवाल्यांच्या वैचारिक वंशातला.

राष्ट्रीय पातळीवर मात्र गाडी अडखळत होती. स्वातंत्र्ययुद्धातल्या वसाहतींची सभा असलेल्या काँटिनेंटल काँग्रेसने ब्रिटिशांवरच्या साराटोगाच्या विजयानंतर डिसेंबर १७७७ मध्ये असा दिवस जाहीर केला. जॉर्ज वॉशिंग्टनने अध्यक्ष झाल्यावर २६ नोव्हेंबर १७८९ ही तारीख दिली. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्रायल या ज्यू मंडळीत गर्शम मेंडिस सेक्सस यांनी प्रवचन दिले. हा दिवस एका पंथाच्या मुठीत राहणार नाही, हे तेव्हाच दिसले होते. थॉमस जेफरसनने मात्र अध्यक्ष असताना असा दिवस जाहीर करायला साफ नकार दिला. लोकांनी कधी प्रार्थना करावी हे सरकारने सांगू नये, असे त्याचे मत होते. पुढची कित्येक वर्षे हा उत्तरेकडच्या राज्यांपुरता, गव्हर्नरांच्या मर्जीवर चालणारा दिवस राहिला.

तो घरोघरी नेण्याचे श्रेय एका संपादक बाईला द्यावे लागते. सारा जोसेफा हेल, जन्म १७८८, गाव न्यू हॅम्पशरमधले न्यूपोर्ट. १८२२ मध्ये नवरा गेला तेव्हा पदरी पाच मुले होती. त्यानंतर तिने जन्मभर काळे कपडे घातले आणि लेखणीवर घर चालवले. १८२७ च्या तिच्या कादंबरीत एका शेतकरी घरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर आख्खे प्रकरण आहे: टेबलाच्या मानाच्या जागी पोटात सारण भरलेली भाजकी टर्की, मग कोंबडीची मोठी पाई, लोणची, मुरंबे आणि भोपळ्याची पाई. आजचे ताट असेच दिसते. गंमत अशी की विन्स्लोचे ते पत्र छापलेले जुने पुस्तक तोवर विस्मरणात गेलेले. त्याची प्रत फिलाडेल्फियात १८२० मध्ये सापडली खरी, पण ‘हीच पहिली थँक्सगिव्हिंग’ अशी तळटीप बोस्टनचा पाद्री अलेक्झांडर यंग याने त्या पत्राला जोडली ती १८४१ मध्ये. म्हणजे हेलने रंगवला तो तिच्या काळच्या न्यू इंग्लंडमधला चालू रिवाज. प्लिमथची ती पंगत तिच्या गावीही नव्हती.

१८३७ मध्ये ती ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाची संपादक झाली आणि चाळीस वर्षे राहिली. १८४६ पासून तिने एकच धोशा लावला: सगळ्या देशाने हा सण एकाच दिवशी पाळावा. दरवर्षी अग्रलेख, गव्हर्नरांना पत्रे, अध्यक्षांना पत्रे आणि सोबत मासिकात पाककृती. माझ्या मते खरे काम अग्रलेखांपेक्षा पाककृतींनी केले. मासिक खेड्यापाड्यांत जात होते. पश्चिमेला नव्या जमिनीवर राहायला गेलेल्या लेकी-सुना त्यात पाहून टर्की भरत होत्या. शहरात गिरणीवर गेलेली पोरे वर्षातून एकदा आईच्या हातचे खायला येत होती. नाताळ तिकडे अजून थंड होता, त्यामुळे घरी परतायचा दिवस म्हणजे हाच. दक्षिणेत मात्र संशय होता. गुलामगिरीविरुद्ध प्रवचने झोडणाऱ्या यांकी, म्हणजे उत्तरेकडच्या, पाद्र्यांचे हे सोंग आहे, अशी टीका व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने १८५६ मध्ये केली. हेलला वाटत होते की सगळी राज्ये एका दिवशी एकत्र जेवली तर फाटाफूट टळेल. टळली नाही.

उत्तर-दक्षिण यादवी ऐन भरात असताना, २८ सप्टेंबर १८६३ ला तिने अध्यक्ष लिंकनला लिहिले. पाचच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, घोषणा निघाली: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. मसुदा परराष्ट्रमंत्री विल्यम सूअर्ड याचा. त्यात भरलेल्या शेतांबद्दल आभार आहेत, पण राष्ट्राच्या हातून घडलेल्या पापांबद्दल पश्चात्ताप करण्याची हाकही आहे, आणि युद्धात विधवा व पोरके झालेल्यांसाठी प्रार्थना. जुना उपवासाचा दिवस आणि जुना आभाराचा दिवस इथे एकाच कागदावर आले. पश्चात्तापाचा भाग पुढे लोक सोयीस्करपणे विसरले.

प्लिमथची गोष्ट खरी फोफावली ती त्यानंतर. ब्रॅडफर्डने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचे हरवलेले हस्तलिखित १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात ओळखले गेले आणि पुढच्या वर्षी छापले गेले. युरोपातून स्थलांतरितांचे लोंढे येऊ लागले तेव्हा त्यांच्या मुलांना अमेरिकन करायला शाळांना हीच गोष्ट हाताशी सापडली. या मांडणीत वाम्पानोआग मेजवानीपुरते येतात आणि नाहीसे होतात. मॅसासॉइटचाच मुलगा मेटाकॉम १६७५ मध्ये वसाहतींविरुद्ध उठला, १६७६ मध्ये मारला गेला आणि त्याचे मुंडके प्लिमथमध्ये खांबावर टांगले गेले, हे वर्गात कोणी सांगत नसे. मका लावायला शिकवणारा टिस्क्वांटम हा १६१४ मध्ये पळवून स्पेनमध्ये विकला गेलेला माणूस होता; १६१९ मध्ये परतला तेव्हा साथीने त्याचे गाव ओस पडले होते. प्लिमथ वसले ते त्याच गावाच्या जागी. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी प्लिमथच्या कोल्स हिलवर जमून शोकदिन पाळतात.

ताटही एकसारखे राहिले नाही. दक्षिणेत मक्याच्या पावाचे सारण आणि रताळ्याची पाई. कृष्णवर्णीयांच्या घरी मॅकरोनी-चीज हवेच. त्यांच्या चर्चची उपकारस्तुतीची परंपराही स्वतंत्र आहे: गुलामांच्या आयातीवर बंदी आली त्या १ जानेवारी १८०८ ला फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय पाद्री ॲब्सलम जोन्स यांनी दिलेले प्रवचन आजही वाचले जाते. मग कारखान्यांनी हात घातला. फरसबीचे प्रसिद्ध कॅसरोल (भट्टीत भाजलेला पदार्थ) १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी बसवले. ‘आजीची पाककृती’ म्हणून कित्येक जण ते अभिमानाने वाढतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत क्रॅनबेरी या आंबट लाल फळाला फोडणी देऊन लोणचे होते, आणि आंबटपणामुळे ते चांगले जमतेही. मका आणि लाल भोपळा आपल्याकडे आले तेही अमेरिका खंडांतूनच.

राहिला तारखेचा घोळ. १९३९ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटचा गुरुवार ३० तारखेला, म्हणजे नाताळच्या खरेदीला दिवस कमी, अशी दुकानदारांची तक्रार. फ्रँकलिन रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे आणला, तर निम्म्या राज्यांनी जुनीच तारीख धरली आणि टेक्सासने दोन्ही पाळल्या. डिसेंबर १९४१ मध्ये चौथ्या गुरुवारचा कायदा झाला. खरेदीने पुढे शुक्रवार व्यापला आणि २०१० च्या दशकात गुरुवारच्या संध्याकाळीच काही मोठी दुकाने उघडू लागली होती. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या तीन राज्यांत मात्र ते चालत नाही. रविवारी व्यवहार बंद ठेवण्याच्या जुन्या परंपरेतले कायदे तिथे मोठ्या दुकानांना या दिवशी टाळे लावायला लावतात. नाताळवर पाच शिलिंग दंड ठोठावणाऱ्यांच्या मुलखात टर्की भाजणाऱ्यांना निदान कामावरून सुट्टी मिळते.