‘फाशीवाला न्यायाधीश’ : १६० की ७९?

आयझॅक पार्कर या अमेरिकन न्यायाधीशाने १६० जणांना फासावर लटकवलं आणि त्याला त्यात मजा यायची, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. आकडा खरा आहे, पण तो शिक्षा सुनावल्याचा. प्रत्यक्षात फाशी झाली ७९ जणांना. बाकीच्यांपैकी अनेकांना राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली किंवा त्यांची शिक्षा कमी केली, काही अपिलात सुटले, काही तुरुंगातच वारले.

मुळात पार्कर वकील. मिसूरी राज्यातून दोनदा काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेलेला. १८७५ साली राष्ट्राध्यक्ष ग्रँटने त्याला आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथला नेमलं. शेजारच्या ‘इंडियन टेरिटरी’तले (मूळ अमेरिकन जमातींसाठी राखलेल्या प्रदेशातले) बरेचसे गंभीर खटलेही याच कोर्टात यायचे, म्हणून संख्या फुगलेली. आणि गंमत म्हणजे खून वा बलात्कार शाबीत झाला की तेव्हाच्या फेडरल (केंद्रीय) कायद्यात फाशीच होती. दोषी ठरवायची ज्युरी, न्यायाधीशाला पर्यायच नव्हता. १८८९पर्यंत तर अशा निकालांवर सुप्रीम कोर्टात अपीलही नव्हतं!

मात्र तो अगदी धुतल्या तांदळाचा होता असंही नाही. ज्युरीला सूचना देताना तो सरकारी पक्षाच्या बाजूला झुकायचा आणि सुप्रीम कोर्टाने त्याचे बरेच निकाल फिरवले. पण हौस? १८९६ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने मुलाखतीत सांगितलं की शिक्षा नक्की होणार याची खात्री असेल तर फाशी रद्द करायला आपली हरकत नाही.