किरणोपचारापूर्वीचा निद्रानाश

कर्करोगाचे निदान झाल्यापासून रेडिएशन सुरू होईपर्यंतच्या दिवसांत रुग्णाची झोप उडणे. अंथरुणावर पडून तासन्‌तास डोळा न लागणे, मध्यरात्री जाग येणे, पहाटे तीनलाच उठून बसणे ही त्याची नेहमीची रूपे. निद्रानाश कर्करोगाच्या रुग्णांत इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, पण डॉक्टरांसमोर तो क्वचितच बोलला जातो. ‘एवढं दुखणं आलंय म्हटल्यावर झोप कुठली यायची!’ म्हणून घरचेही गप्प बसतात. यातच रुग्णाचे नुकसान होते, कारण त्यावर इलाज आहे.

रेडिएशन लगेच देता येत नाही. आधी सीटी स्कॅन, अंगावर खुणा, मग किरणांचा आराखडा. तंबाखूचा पट्टा असलेल्या निपाणी-चिकोडी भागाला परिचित असलेल्या तोंडाच्या कर्करोगात किरण देताना डोके हलू नये म्हणून चेहऱ्याचा मास्क बनवावा लागतो, खराब दात काढून हिरड्या भरू द्याव्या लागतात. पुढचे उपचार बहुधा आठवड्यातून 5 दिवस, सहा-सात आठवडे चालतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या माणसाने रोज बेळगावला यायचे कसे, की हुबळी, मिरज, कोल्हापूर गाठून तिथेच राहायचे? शेताकडे कोण बघणार? सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डाचे काय, कन्नडमधला कागद वाचून कोण दाखवणार? हे हिशेब रात्रीच सुरू होतात.

शारीरिक कारणे मात्र नेमकेपणाने विचारावी लागतात: वेदना, तोंडात साचणारी लाळ, हार्मोनच्या औषधांनी येणारे गरम झोत, प्रोस्टेटमुळे रात्रीची लघवी. सूज उतरवण्यासाठी दिलेले डेक्सामेथासोन संध्याकाळी घेतले तर झोप उडवते. डॉक्टरांना विचारून ते सकाळी घेता येते.

‘करंट’ची, म्हणजे रेडिएशनची, भीतीही मोठी. बाहेरून दिले जाणारे रेडिएशन एक्स-रेसारखेच, देताना दुखत नाही आणि अंगात किरण उरत नाहीत. नातवंडांना जवळ घ्यायला काहीच हरकत नसते. हे आजीला तिच्या मराठीत, पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. मास्कमध्ये जीव घुसमटतो असे वाटणाऱ्याने तेही आधीच सांगावे.

दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून विचार व सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धत सुचवली जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये तशीच शिफारस केली. रोज ठरल्या वेळी उठणे, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे, दुपारची झोप आवरणे हा तिचा गाभा. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची झोपेची गोळी मात्र घेऊ नये: वेदनेसाठी मॉर्फिन चालू असलेल्या रुग्णाचा श्वास तिने मंदावू शकतो.