ग्रॅहॅम थॉमस (गुलाब)

ग्रॅहॅम थॉमस हा दाट पाकळ्यांचा, सुवासिक आणि हंगामात पुन्हा पुन्हा फुलणारा पिवळा झुडूपगुलाब आहे. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात अल्ब्राइटन येथे रोपवाटिका चालवणाऱ्या डेव्हिड ऑस्टिन (१९२६–२०१८) यांनी तो तयार केला. १९८३ मध्ये तो लोकांसमोर आला. नोंदणीतले त्याचे नाव ‘ऑसमस’, पण त्या नावाने त्याला कोणी ओळखत नाही. ग्रॅहॅम स्टुअर्ट थॉमस (१९०९–२००३) हे जुन्या गुलाबांचे जाणकार आणि ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टचे, म्हणजे ऐतिहासिक वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेचे, उद्यान सल्लागार होते. हॅम्पशरमधील मॉटिसफाँट येथे भिंतींनी बंदिस्त बागेत त्यांनी जुन्या गुलाबांचा मोठा संग्रह उभा केला. ज्यांनी आयुष्यभर जुने गुलाब जपले, त्यांचे नाव एका नव्या आणि तेही पिवळ्या गुलाबाला मिळाले. यातली गंमत कळायला पिवळ्या रंगाची कथा माहीत हवी.

युरोपातल्या जुन्या बागांमधील गुलाब पांढरे, गुलाबी, जांभळट किंवा किरमिजी असत. गडद पिवळा रंग पश्चिम आशियातून गेला, तो रोझा फीटिडा या जातीबरोबर. ‘फीटिडा’ म्हणजे दुर्गंधी. तिच्या फुलांना कढवलेल्या जवसाच्या तेलासारखा वास येतो. तिचाच दुहेरी पाकळ्यांचा प्रकार ‘पर्शियन यलो’ १८३७ मध्ये इराणमधून इंग्लंडात गेला. दुसरी वाट चीनची. तिकडून १८२४ मध्ये आलेल्या फिकट पिवळ्या गुलाबाला चहासारखा मंद वास होता. पण तो नाजूक, थंडीत टिकणारा नव्हता आणि त्याचा पिवळा रंग गडदही नव्हता. फ्रान्समध्ये ल्यों येथे जोसेफ पेर्ने-द्यूशे यांनी बरीच वर्षे खटपट करून पर्शियन यलोचा रंग बागेतल्या गुलाबांत उतरवला, आणि १९०० मध्ये ‘सोलेय दॉर’ हा गुलाब बाजारात आला. आजचे बहुतेक झगझगीत पिवळे आणि नारिंगी गुलाब त्याच्या वंशातले. मात्र रंगाबरोबर पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याची खोडही वारशात आली. आपल्याकडे पिवळा गुलाब पावसाळ्यात सगळ्यांत आधी पाने गाळतो, त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

ऑस्टिन यांना जुन्या गुलाबांची वाटीसारखी घडण आणि वास हवा होता, आणि त्याबरोबर आधुनिक गुलाबांचे सतत फुलणेही. १९६१ चा त्यांचा पहिला नावाजलेला गुलाब ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ गुलाबी होता आणि वर्षातून एकदाच फुलत असे. पुढे आलेल्या ग्रॅहॅम थॉमसच्या वंशावळीत ‘चार्ल्स ऑस्टिन’ हा जर्दाळू रंगाचा गुलाब आहे आणि ‘आइसबर्ग’ हा पांढरा फ्लोरिबंडाही, म्हणजे झुपक्यांनी फुलणारा गुलाबही, आहे. आपल्या बागांतही आइसबर्ग जागोजागी दिसतो. त्यामुळे ग्रॅहॅम थॉमसचा भरभर फुटवे काढण्याचा आणि सारखे फुलण्याचा स्वभाव पाहिला की ओळखीचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटते. जागतिक गुलाब महासंघाने २००९ मध्ये त्याला जगाच्या आवडत्या गुलाबांच्या मानाच्या यादीत घेतले.

कळी आखूड, टोकाशी तांबूस झाक असलेली. ती उमलायला लागली की आधी बाहेरच्या पाकळ्या मागे न वळता वाटीसारख्या उभ्या राहतात आणि आत साधारण पस्तीस पाकळ्या गर्दी करून बसलेल्या दिसतात. हायब्रिड टी, म्हणजे लांब देठावर एकेक मोठे टोकदार फूल देणाऱ्या आधुनिक गुलाबाचा, उंच सुळका इथे नाही. ज्यांना तोच खरा गुलाब वाटतो त्यांना हे फूल पहिल्यांदा शेवंतीच्या जवळचे वाटेल. रंग अंड्याच्या बलकासारखा दाट पिवळा, उन्हात एक-दोन दिवसांत फिका होणारा. वास चहा-गुलाबाचा, आणि त्यात व्हायोलेटच्या फुलांची थंड छटा. पिवळ्या पाकळ्यांचा रंग कॅरोटिनॉइडांमुळे असतो. हीच द्रव्ये तुटून आयोनोन नावाची सुगंधी संयुगे तयार होतात, आणि व्हायोलेटचा वास त्यांचाच. आयोनोन मेंदीच्या मोहोरातही असते. ज्याने मेंदीच्या कुंपणाजवळून संध्याकाळी चक्कर मारली आहे त्याला ही छटा अनोळखी वाटणार नाही. देशी गुलाबाचा गुलकंदी वास मात्र इथे शोधू नये. पाकळ्या मऊ आहेत म्हणून गुलकंद करायचा मोह होतो, पण हाती येतो तो बेताचाच.

लागवडीत सगळ्यांत जास्त चुका होतात त्या या झुडपाला हायब्रिड टी समजून वागवल्याने. इंग्लंडमध्ये ते सव्वा ते दीड मीटर उंच राहते. उष्ण प्रदेशात मात्र अडीच-तीन मीटर लांब काठ्या, म्हणजे सरळसोट फांद्या, काढते आणि वेलगुलाबासारखे वागू लागते. घरचा माणूस घाबरून ते गुडघ्याएवढे छाटतो. झाड दुप्पट जोमाने पुन्हा वर जाते आणि फुले येतात ती नेमकी शेंड्यावर, हाताच्या आणि नाकाच्या पल्ल्याबाहेर. यावर उपाय कात्रीत नाही, सुतळीत आहे. लांब कोवळी काठी मोडणार नाही अशा बेताने वाकवून गच्चीच्या कठड्याला किंवा कुंपणाच्या तारेला आडवी बांधायची. उभ्या काठीत शेंड्याचा डोळा, म्हणजे अंकुर, खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. काठी आडवी झाली की तो दाब सैल पडतो आणि डोळ्याडोळ्यातून वीतभर फुटवा निघून त्याला कळी धरते. एका काठीवर दोन फुलांऐवजी दहा-बारा फुले मिळतात. झाडाला आदल्या दिवशी पाणी दिलेले असावे आणि काठी एकाच बैठकीत पूर्ण वाकवू नये.

छाटणी इंग्लंडमध्ये हिवाळा सरता सरता, फेब्रुवारीच्या सुमारास करतात. महाराष्ट्रात ती पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याच्या आगेमागे करतात आणि सहा-सात आठवड्यांनी फुले येतात. झुडूपगुलाबाचा एक तृतीयांश भाग काढला तरी पुरे. जुन्या, काळवंडलेल्या एक-दोन काठ्या मात्र दरवर्षी तळापासून काढाव्यात. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, तिरका घ्यावा आणि त्यावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी, म्हणजे काठी शेंड्याकडून वाळत येत नाही. द्राक्षवाल्यांच्या घरी ही पेस्ट असतेच.

इंग्रजी पुस्तके सांगतात की डोळा भरलेला सांधा, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर कलम जिथे जोडले ती जागा, जमिनीखाली पाच-सात सेंटिमीटर गाडावा. ते तिकडच्या गोठणाऱ्या थंडीसाठी आहे. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत, पावसाळ्यात महिनाभर ओल धरणाऱ्या खड्ड्यात तेच केले तर सांधा कुजतो; तो मातीच्या वर दोन-तीन बोटे दिसत राहायला हवा. त्याखालून, म्हणजे खुंटातून, येणारा फुटवा ओळखून काढत राहावे लागते. तो वरून कापला तर पुन्हा येतो. माती बाजूला सारून जिथून निघाला तिथूनच ओरबाडून काढावा. ज्याच्या एका पानात पाच पर्णिका तो फुटवा कलमाचा आणि सात असतील तो खुंटाचा, असे सांगतात. त्यावर विसंबू नये, कारण चांगल्या जोमात असलेल्या कलमालाही सात पर्णिका येतात. फुटवा सांध्याच्या वरून निघाला की खालून, एवढेच पाहावे.

खड्डा दीड-दोन फुटांचा, त्यात कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड आणि जमीन चिकण असेल तर वाळू. कुंडीत लावायचा असेल तर ती अठरा इंचांपेक्षा लहान नको. रोज पाच-सहा तास ऊन हवे, पण देशावरच्या एप्रिल-मेच्या दुपारी थोडी सावली मिळाली तर रंग टिकतो. त्याच दिवसांत पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड येते. पाने धुळकट, तांबूस दिसू लागली की पाण्याचा जोरदार फवारा खालून मारणे हा पहिला उपाय. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी कीड आणि भुरी ही पांढरी बुरशी येते. काळे ठिपके पावसाळ्याचे: गळलेली पाने आळ्यात पडू देऊ नयेत आणि पाणी संध्याकाळी पानांवरून घालू नये. कोकणात आणि गोव्यात, जिथे चार महिने पान सुकतच नाही, तिथे हा गुलाब जमिनीपेक्षा वळचणीखालच्या कुंडीत बरा राहतो, आणि तरीही ऑगस्टमध्ये तो अर्धा उघडा पडणार हे धरून चालावे.

फुलदाणीसाठी तो कामाचा नाही. पाकळ्या वाळून देठाला चिकटून राहत नाहीत, दोन-तीन दिवसांत सगळ्या एकदम गळतात. झाडावर हाच गुण ठरतो, कारण वाळकी फुले वेचत बसावे लागत नाही. सकाळी अर्धवट उमललेले फूल काढून उथळ भांड्यातल्या पाण्यात तरंगत ठेवले तर खोलीत वास दुपारपर्यंत राहतो.

रोप मागवताना एक खबरदारी घ्यावी. याच थॉमस यांच्या नावाची हनीसकलची एक वेलही परदेशी रोपवाटिकांत विकली जाते. तीही सुवासिक आणि फुले तीही पांढरट पिवळी, तेव्हा नावापुढे ‘गुलाब’ लिहिले आहे की नाही ते पाहून घ्यावे.