‘अप्रेंटिस नियम ठेकेदाराला नाही’: हा गैरसमज सोडा

कोल्हापुरातल्या ठेकेदारांत वर्षानुवर्षं एक समज पक्का आहे: अप्रेंटिस घ्यायचे ते शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांनी, सरकारी बांधकामाच्या ठेकेदाराची माणसं हंगामी, त्याला काय लागू? हे चूक आहे.

शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. 2019 च्या नियमबदलानंतर 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, आणि घोटाळा होतो तो इथेच: या संख्येत कंत्राटी माणसंही धरतात. पगारपत्रकावर 12 आणि कंत्राटावर 28 म्हणजे 40. किमान 1, जास्तीत जास्त 6 शिकाऊ.

शिकाऊशी केलेला करार केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवा. बिगाऱ्याचं नाव ‘शिकाऊ’ म्हणून लिहून भागत नाही. सळईकाम शिकणाऱ्याला रिंगेचा (सळयांभोवती बांधायच्या कडीचा) हूक 135 अंशांत वळवायला शिकवायला हवं. दिवसभर घमेली उचलायला लावणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. कायद्याने शिकाऊ हा कामगार नाही, तरी साइटवर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच. करार संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मात्र नाही, करारातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी.