व्हेनिसच्या दोजेची निवडणूक

दोजे हा व्हेनिस गणराज्याचा तहहयात प्रमुख. त्याला निवडण्यासाठी चिठ्ठी आणि मतदान आलटून पालटून वापरण्याची पद्धत १२६८ मध्ये लोरेन्झो त्येपोलोच्या निवडीवेळी प्रथम अमलात आली. १७८९ मध्ये निवडला गेलेला शेवटचा दोजे लुदोविको मानिन याच्यापर्यंत ती फारशी बदलली नाही.

दोजेच्या मृत्यूनंतर महापरिषदेचे, म्हणजे उमरावांच्या मोठ्या सभेचे, तिशी ओलांडलेले सदस्य जमत. चिठ्ठी टाकायची ती गोळ्यांनी, आणि त्या काढायला आठ-दहा वर्षांचा मुलगा लागे. सान मार्को चर्चबाहेर जो पहिला भेटेल त्यालाच आणत, म्हणजे तो आधी पढवलेला नसे. सोनेरी गोळी ज्याच्या वाट्याला येई तो आत, आणि त्याचे आप्त लगेच सभागृहाबाहेर. असे ३० जण निघत. पुन्हा चिठ्ठी टाकून त्यांतले ९ उरत. हे ९ जण मतदानाने ४० जण निवडत. प्रत्येकाला किमान ७ मते हवीत. त्या ४० मधून चिठ्ठीने १२. बारांनी किमान ९ मतांनी २५ निवडायचे, पंचवीसांतून चिठ्ठीने ९, नवांनी किमान ७ मतांनी ४५, पंचेचाळीसांतून चिठ्ठीने ११ आणि अकरांनी किमान ९ मतांनी ४१. या ४१ जणांना कोंडून ठेवत. प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचे. मग एकेक नाव काढून त्यावर आक्षेप ऐकायचे. ज्याचे नाव चर्चेत असे, तो तिथे असेल तर त्याला बाहेर जावे लागे. २५ मते मिळाली की दोजे ठरला.

ही उठाठेव कशासाठी? चिठ्ठीमुळे आधीपासून जुळवलेली मते वाया जात. मतदानामुळे चिठ्ठीने चुकून आलेला नालायक माणूस गळत असे. नवांपैकी ७ मतांची अट असल्यामुळे तिघेजणही एखादे नाव अडवू शकत. एकेचाळीस हा आकडा अनुभवातून आला: १२२९ मध्ये ४० मतदारांत २०-२० अशी बरोबरी होऊन निकाल चिठ्ठीवर टाकावा लागला होता.

निवडून आलेल्या दोजेला लांबलचक शपथ घ्यावी लागे आणि परकी पत्रे सल्लागारांशिवाय उघडता येत नसत. सत्ता हातात घेण्याचा कट केल्याबद्दल मारीनो फालिएरोचा १३५५ मध्ये शिरच्छेद झाला. राजवाड्यातल्या दोजेंच्या चित्रमालिकेत त्याच्या जागी काळे वस्त्र रंगवलेले आहे.

सिद्धांतकारांना यात संमिश्र राज्यपद्धती दिसली: दोजेत राजेशाही, सिनेटमध्ये अभिजनसत्ता, महापरिषदेत लोकसत्ता. गास्पारो कोन्तारिनीच्या १५४३ मध्ये छापलेल्या ग्रंथाने ही प्रतिमा युरोपभर पसरवली, तर इंग्लंडच्या जेम्स हॅरिंग्टनने १६५६ च्या ‘ओशियाना’त गोळ्यांचे मतदानच उचलले. फ्लोरेन्सचा विचारवंत मॅकियाव्हेली याला मात्र व्हेनिसपेक्षा प्राचीन रोम पसंत होते, कारण तिथे स्वातंत्र्याची राखण सामान्य जनतेकडे होती. त्याचे म्हणणे इथे अधिक पटते. १२९७ च्या ‘सेराता’नंतर (म्हणजे ‘बंद करणे’) महापरिषद ठरावीक घराण्यांपुरती बंद होत गेली आणि १५०६ पासून उमराव मुलांचे जन्म नोंदवले जाऊ लागले. ‘प्रजासत्ताक’ या मराठी शब्दातल्या प्रजेला तिथे जागाच नव्हती. म्हणून व्हेनिसला ‘गणराज्य’ म्हणणेच बरे.

भ्रष्टाचार झाला तोही चिठ्ठीच्या टप्प्यांत फार नाही, तर इतर पदांच्या निवडणुकांत. राजवाड्यालगतच्या ‘ब्रोल्यो’वर उमराव फेऱ्या मारत मते ठरवत, सान बार्नाबा भागातले गरीब उमराव आपली मते विकत. क्रीट बेटासाठी तुर्कांशी झालेल्या कॅन्डियाच्या युद्धात (१६४५–६९) तिजोरी आटली, तेव्हा १ लाख डुकाट (व्हेनिसचे चलन) घेऊन नव्या घराण्यांना उमरावपद दिले गेले.

१२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या दबावाखाली महापरिषदेने स्वतःचे विसर्जन केले. गणपूर्तीला ६०० सदस्य लागत. हजर होते ५३७.