दिव्यांग धोरण कृतिदल (मराठवाडा)

दिव्यांग व्यक्तींसाठी पुढच्या पंधरा-वीस वर्षांचे धोरण आखून देण्याकरिता शासनाने ठरावीक मुदतीपुरता नेमलेला गट. मराठवाड्यासाठी असा गट कसा असावा, हे इथे मांडले आहे. तो शासन निर्णयाने स्थापन होतो. त्याची कार्यकक्षा, सदस्य, सदस्य सचिव आणि अहवालाची तारीख त्याच निर्णयात दिलेली असते. अहवाल सादर झाला की कृतिदल विसर्जित होते. एप्रिल २०२० मध्ये राज्याने कोविडसाठी डॉक्टरांचा टास्क फोर्स, म्हणजे कृतिदलच, नेमला, तेव्हा असा गट सरकारला सल्ला कसा देतो हे महाराष्ट्राने रोजच्या बातम्यांतून पाहिले. साथीच्या काळात सल्ला त्या आठवड्यासाठी लागत होता. दिव्यांग धोरणात आज जन्मलेल्या मुलाच्या चाळिशीचा विचार करावा लागतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) याने काही कायमच्या यंत्रणा उभ्या केल्या आहेत. कलम ६६ नुसार राज्य सल्लागार मंडळ असते आणि त्याची बैठक सहा महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. कलम ७२ नुसार जिल्हास्तरीय समिती असते आणि कलम ७९ नुसार राज्य आयुक्त असतात. या यंत्रणांचे काम तक्रारी, देखरेख आणि चालू योजनांभोवती फिरते. पाणीपुरवठा, शिक्षण, आरोग्य, एसटी, महसूल आणि ग्रामविकास या सगळ्या खात्यांना एका टेबलावर बसवून दूरचा हिशेब मांडणे रोजच्या कामाच्या रेट्यात त्यांना जमत नाही. कृतिदल लागते ते त्यासाठी.

पूर्वपीठिका. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारचे अपंगत्व मान्य केले होते आणि नोकऱ्यांत ३ टक्के राखीव जागा दिल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले, आणि जुना कायदा अपुरा ठरला. केंद्राने डॉ. सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने जून २०११ मध्ये नव्या कायद्याचा मसुदा दिला. प्रत्यक्ष कायदा व्हायला २०१६ उजाडले. त्यात २१ प्रकार आले, शासकीय नोकऱ्यांतल्या राखीव जागा ४ टक्के आणि उच्च शिक्षणातल्या ५ टक्के झाल्या. मसुदा आणि कायदा यांच्यामधली ही पाच वर्षे कोणत्याही कृतिदलाने ध्यानात ठेवावीत. जपानने करार मान्य करण्यापूर्वी, २०१० साली, मंत्रिमंडळाच्या पातळीवर सुधारणा समिती बसवली. तिच्यात निम्म्याहून अधिक सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या घरचे होते. अमेरिकेत राष्ट्रीय दिव्यांगत्व परिषदेच्या १९८६ च्या अहवालातल्या शिफारशींमधून १९९० चा दिव्यांग हक्क कायदा आकाराला आला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे.

मराठवाडा आणि अनुशेष. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड हे आठ जिल्हे एकाच महसुली विभागात येतात, त्यामुळे विभागीय आयुक्तालय ही कृतिदलाची सोयीची बैठकीची जागा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या भागाला मागासलेपण मोजण्याचा जुना सराव आहे. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली आणि प्रत्येक जिल्हा तिच्या किती मागे आहे ते रुपयांत मांडले. या तुटीलाच ‘अनुशेष’ म्हणतात. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले (मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली). २०१३ मध्ये प्रादेशिक असमतोलावरचा केळकर समितीचा अहवाल आला. ‘अनुशेष’ म्हणजे काय हे इथल्या चहाच्या टपरीवरही समजावून सांगावे लागत नाही.

पण दांडेकरांच्या नऊ क्षेत्रांमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा रकाना नव्हता. पशुवैद्यकीय सेवेचा अनुशेष निघाला. श्रवणतपासणी, भौतिकोपचार, विशेष शिक्षक आणि कृत्रिम अवयवांची दुरुस्ती यांचा निघाला नाही. मराठवाड्यासाठी होणाऱ्या कृतिदलाचे पहिले काम हेच असावे: तालुकावार तक्ता तयार करावा, कोणती सेवा किती किलोमीटरवर आहे आणि ती देणारे पद भरलेले आहे की रिक्त, हे त्यात नोंदवावे आणि तूट रुपयांत मांडावी. एवढे झाले तरी बाकीचे धोरण निम्मे लिहून होईल.

मोजणी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. ती मोजणी आठ प्रकारांची होती. नंतरच्या कायद्यात आलेले सिकलसेल व थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार), अध्ययन अक्षमता, पार्किन्सन हे तिच्यात नव्हते. किनवट-माहूर भागातल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आढळतो, म्हणून नांदेडचे नियोजन जुन्या आकड्यांवर करता येत नाही. शिवाय ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे थेट विचारले की उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे येते, कारण लग्नाच्या मुलीचे घर असते आणि लोक काय म्हणतील ही धास्ती असते. जगभर वापरली जाणारी सहा प्रश्नांची पद्धत यापेक्षा बरी आहे: चष्मा लावूनही बघायला त्रास होतो का, यंत्र लावूनही ऐकायला अडचण येते का, चालताना-चढताना, आठवण ठेवताना, स्वतःची आंघोळ-कपडे करताना, दुसऱ्याशी बोलताना किती त्रास होतो. उत्तर ‘अजिबात नाही’पासून ‘मुळीच जमत नाही’पर्यंत चार पायऱ्यांत घेतात. आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना हे प्रश्न एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवता येतात.

मोजणी कोणत्या महिन्यात होते, यावर मराठवाड्यात बरेच अवलंबून आहे. बीड, जालना, परभणी आणि धाराशिवच्या कित्येक गावांतली घरे दसरा-दिवाळीनंतर कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे ‘कोयते’, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. चालू न शकणारे मूल कधी आजीजवळ राहते, कधी कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) नेले जाते आणि आई उसाच्या फडात असताना दिवसभर तिथेच पडून असते. डिसेंबरात झालेल्या सर्वेक्षणात ते गावातही सापडत नाही आणि कारखान्यावरही सापडत नाही.

प्रमाणपत्राची वाट. दिव्यांगांसाठीच्या जवळजवळ प्रत्येक लाभाचे दार वैश्विक ओळखपत्राने (यूडीआयडी) उघडते. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळते आणि एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. राखीव जागाही तेव्हाच लागू होतात. अर्ज ऑनलाइन असला तरी तपासणीसाठी माणसाला स्वतःच जावे लागते. किनवट तालुक्यातल्या तांड्यावरच्या मूकबधिर मुलीचे उदाहरण घ्या. नांदेड शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. पहाटेची गाडी धरायची, रुग्णालयात दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा ठरलेला वार गाठायचा, आधार आणि फोटोच्या झेरॉक्स काढायच्या, कान-नाक-घसा तज्ज्ञांसमोर रांग लावायची. मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे पाहणारी ‘बेरा’ चाचणी लिहून दिली की आणखी एक तारीख मिळते. मुलीसोबत वडील आले, तर दोन्ही दिवसांची मजुरी बुडते. आष्टी तालुक्यातल्या लोकांना अहिल्यानगर जवळ पडते, पण कागदोपत्री जिल्हा बीड आहे. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यापासून फेरतपासणीचा ताण वाढला आहे आणि तो खऱ्या दिव्यांगालाही सोसावा लागतो.

यावर उपाय शिबिरांचा नाही. शिबिरात आधी मोजमाप होते, काही महिन्यांनी वाटप होते, तीनचाकी सायकल मिळते. पुढे टायर फाटला किंवा साखळी तुटली की ती ओसरीत उभी राहते, कारण तालुक्याला तिचा सुटा भाग मिळत नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय व रुग्णालय म्हणजे ‘घाटी’, नांदेड आणि लातूरची शासकीय महाविद्यालये, आणि अलीकडे परभणी, धाराशिव, जालना व हिंगोली इथे सुरू झालेली महाविद्यालये असे जाळे आता विभागात आहे. या प्रत्येकाकडे ठरावीक तालुके सोपवून महिन्याला उपजिल्हा रुग्णालयात तपासणी मंडळ बसवता येईल. जिल्ह्याची हद्द त्यात आड येऊ नये.

पैसा. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असा राज्याचा नियम आहे (पूर्वी तो ३ टक्के होता). नियम चांगला आहे. त्याची मराठवाड्यातली अडचण अंकगणितात आहे. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी वसुली वर्षाला ४ लाख रुपये आहे. तिचा दिव्यांग निधी २० हजार रुपये होतो. गावात २५ दिव्यांग असतील तर माणशी ८०० रुपये येतात. दुष्काळाच्या वर्षी वसुली निम्म्यावर येते आणि हे ८०० चे ४०० होतात, नेमके जेव्हा गरज जास्त असते तेव्हा. पुण्या-मुंबईजवळच्या कारखानदारीतल्या ग्रामपंचायतीला हाच नियम लाखो रुपये देतो. कृतिदलाने माणशी किमान रक्कम ठरवून कमी उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींची तूट राज्याच्या तिजोरीतून भरण्याची शिफारस केली पाहिजे. संजय गांधी योजनेत दिव्यांगांची मासिक रक्कम दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. तो दिलासा आहेच, पण अनुदानाने श्रवणयंत्र दुरुस्त होत नाही आणि विशेष शिक्षकही मिळत नाही.

प्रतिबंध. अधिनियमाच्या कलम २५ मध्ये दिव्यांगत्वाची कारणे शोधून ती टाळण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. किनवट भागातल्या काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पिऊन दात पिवळे-तपकिरी पडतात आणि पुढे सांधे आखडून पाठ वाकते. या आजाराला औषध नाही, स्वच्छ पाणी हाच उपाय आहे. म्हणून दिव्यांग धोरणाच्या बैठकीला पाणीपुरवठ्याचा अभियंता हजर असलाच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगावली. अनेकजण पाय गमावून किंवा मणक्याला मार लागून आयुष्यभरासाठी अधू झाले. पुनर्वसनाची गावे वसली, घरे मिळाली. आपत्ती योजनेत दिव्यांगांची यादी आणि त्यांना बाहेर काढण्याची व्यवस्था हवी, हे मात्र कायद्यात (कलम ८) तेवीस वर्षांनी आले.

‘आमच्या माघारी काय?’ दूरचा विचार म्हणजे काय, हे बौद्धिक दिव्यांगत्व किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या मुलांच्या पालकांइतके कोणालाच कळत नाही. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा (लहान वयातच दोष ओळखून उपचार सुरू करणारे केंद्र) आधार मिळू शकतो. लातूरजवळ हरंगुळला ‘संवेदना’सारखे सेरेब्रल पाल्सीसाठीचे केंद्रही आहे, पण अशी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. सहा ते अठरा वयात विशेष शाळा किंवा जवळची शाळा असते. अठरा पूर्ण झाली की शाळा संपते, मूल घरी येते आणि घराबाहेरचे त्याचे जग त्या दिवशी थांबते. प्रौढांच्या कार्यशाळा आणि निवासगृहे शाळांच्या मानाने फारच थोडी आहेत. आई-वडील साठीला पोचतात. सातबाऱ्यावर मुलाचे नाव असते, जमीन भाऊबंद कसतात आणि वाटा कोण देणार हा प्रश्न बैठकीतल्या बोलण्यावर सुटत नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळते, आणि ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. खेड्यातल्या पालकांपर्यंत ही माहिती तलाठ्याने पोचवायला हवी, कारण जमिनीच्या निमित्ताने त्यांची गाठ त्याच्याशीच पडते. प्रत्येक जिल्ह्यात प्रौढांसाठी दिवसभराचे केंद्र आणि आई-वडील गेल्यावर राहता येईल असे छोटे निवास, हे वीस वर्षांच्या आराखड्यातले सर्वांत महागडे कलम ठरेल. तरी ते पहिल्या पानावर असावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रचना आणि पाठपुरावा. निम्मे सदस्य दिव्यांग असावेत, आणि ते एकाच प्रकारच्या दिव्यांगत्वाचे किंवा एकाच शहरातले नसावेत. कर्णबधिर सदस्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी असला पाहिजे आणि अंध सदस्यासाठी ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात मागचे इतिवृत्त बैठकीआधी पोचले पाहिजे. नाहीतर उपस्थिती सहीपुरती राहते. ऊसतोड कुटुंबातली एक आई सदस्य असावी आणि तिला प्रवासखर्चासोबत बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. बैठका आठही जिल्ह्यांत फिरत्या ठेवाव्यात.

कृतिदलाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. आयुक्तांच्या शिफारशीला मात्र कायद्याचा आधार आहे: हक्कभंगाच्या प्रकरणात त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कारवाई कळवायची असते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारण द्यायचे असते (कलम ८१). तालुकावार तक्त्यात जिथे कायद्याने द्यायची सेवा मुळीच नाही असे दिसेल, ती नोंद कृतिदलाने आपल्या अहवालात ठेवून थांबू नये, तर त्याच वेळी आयुक्तांकडे तक्रार म्हणून दाखल करावी. मग कृतिदल विसर्जित झाल्यावरही त्या नोंदीचे उत्तर द्यायला कोणीतरी बांधील राहते.