स्प्रिंग कडक की शॉक कडक? जुन्या मसल कारचं सस्पेन्शन सुधारण्याआधी

पुलाच्या जोडावरून गेलेली १९६६ची फोर्ड मस्टँग, म्हणजे ताकदवान इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार, पुढे गेल्यावरही दोन-तीन वेळा वरखाली होत राहते. वळणावर बाहेरच्या बाजूला कलते. ब्रेक दाबला की नाक खाली घालते. या तिन्ही तक्रारींवर बहुतेक मालकांना एकच उपाय सुचतो, कडक स्प्रिंगा. पण पहिल्या तक्रारीत दोष स्प्रिंगचा नसतोच, तिथे शॉक ॲब्सॉर्बर संपलेला असतो. उरलेल्या दोन तक्रारींवरही स्प्रिंग हा एकमेव इलाज नाही, आणि रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी पहिला तर नाहीच.

गोंधळ होणं साहजिक आहे. स्प्रिंग आणि शॉक एकमेकांना खेटून बसतात. मस्टँगच्या पुढच्या चाकात तर शॉक स्प्रिंगच्या पोटातूनच वर जातो. दोन्ही भाग कडक मिळतात आणि कोणताही कडक बसवला तरी गाडी हाताला घट्ट लागते. कामं मात्र पार वेगळी आहेत.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. ती किती दबली आहे, एवढ्यावरच तिचा जोर ठरतो. हळू दबली की झटक्यात दबली, याने काही फरक पडत नाही. शॉकचं नेमकं उलट आहे. त्याच्या आत पिस्टन तेलातून सरकतो, बारीक छिद्रांतून आणि झडपांतून तेल जाताना विरोध तयार होतो, आणि तो विरोध फक्त वेगावर अवलंबून असतो. चाक वरखाली होत नसेल तेव्हा शॉक काहीच करत नाही. गॅस भरलेला शॉक गाडीला किंचित उचलतो, तेवढा अपवाद. चारही शॉक काढून टाकले तरी उभ्या गाडीची उंची जवळपास तीच राहील. स्प्रिंगा काढल्या तर गाडी थेट रबरी बंपस्टॉपवर बसेल.

झोपाळ्याला झोका दिला की तो किती वेळात एक फेरी पूर्ण करणार हे त्याच्या दोरीवर ठरतं, आणि तो लवकर थांबणार की नाही हे जमिनीवर पाय टेकण्यावर. शॉक म्हणजे तो टेकलेला पाय.

आता थोडं गणित करू, कारण खरी फसगत इथेच होते. समजा पुढच्या एका चाकावर गाडीचं ३५० किलो वजन आहे आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा इंचाला १०० पौंड आहे. अशी गाडी सेकंदाला साधारण १.१ वेळा डोलते. त्या काळातल्या अमेरिकन गाड्या याच्या आसपासच असत, कारण लांब, सरळ हायवेवर हा संथ झुला सुखाचा वाटतो. गाडी चपळ वाटावी म्हणून तो आकडा १.५वर न्यायचा ठरवला, तर स्प्रिंग जवळजवळ १.८ पट कडक लागते. पण डोलणं शमवण्यासाठी शॉकचा जो विरोध लागतो, तो स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळानुसार वाढतो. म्हणजे शॉकही साधारण एक तृतीयांशाने जास्त ताकदीचा हवा. जुनाच शॉक ठेवला, तर नव्या कडक स्प्रिंगच्या मानाने तो पूर्वीपेक्षा दुबळा पडतो. डोलणं थांबावं म्हणून कडक स्प्रिंगा घातलेली गाडी म्हणूनच आणखी जलद आणि आणखी जास्त वेळा उसळते. मालकाला वाटतं, स्प्रिंगा अजून कडक हव्या होत्या.

उलटी चूकही होते. स्प्रिंगा मूळच्याच ठेवून शॉक भलताच कडक बसवला, तर तो दबलेल्या स्प्रिंगला वेळेत सुटू देत नाही. एकामागून एक खड्डे आले की चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, आणि गाडी दर खड्ड्यागणिक थोडी थोडी खाली बसत जाते. डेट्रॉइटच्या ज्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९६०च्या दशकात या गाड्या सिग्नल ते सिग्नल पळवल्या जात, त्या मिशिगन राज्यातल्या रस्त्यांवर आजही हिवाळ्यातला बर्फ वितळला की खड्डेच खड्डे पडतात. तिथे असा शॉक पाठीचा कणा ढिला करतो. कोनी या कंपनीचे जुन्या गाड्यांसाठीचे लाल शॉक याच कारणासाठी मला आवडतात. त्यांत शॉक लांब होतानाचा विरोध कमीजास्त करता येतो, त्यामुळे तो तुमच्या स्प्रिंगशी जुळवून घेता येतो.

वळणावर दोघांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. हायवेवरून उतरणाऱ्या लांब, गोल रॅम्पवर गाडी एकदा कलली की तशीच राहते. काही हलत नाही, म्हणजे शॉकचं कामच संपलं. गाडी किती कलणार हे तिथे स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा) ठरवतात. तीच गाडी झटकन लेन बदलते तेव्हा ती किती वेगाने कलणार आणि कलून सावरताना पलीकडे झोकांडी खाणार का, हे शॉक ठरवतो. ब्रेकचंही तसंच. लांबवर ब्रेक धरून ठेवला तर नाक शेवटी किती खाली जाणार हे स्प्रिंग आणि आर्मची, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांची, रचना ठरवते. शॉक ते फक्त सावकाश नेतो.

कलणं कमी करायला बार हा स्प्रिंगपेक्षा चांगला मार्ग आहे असं माझं ठाम मत आहे. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार मध्ये पडत नाही, एकच चाक वर गेलं तर मात्र पीळ घेऊन विरोध करतो. शिवाय त्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. त्याच आकाराच्या पाऊण इंची भरीव बारच्या जागी एक इंची बार घातला की तो तिपटीहून थोडा जास्त कडक होतो. एकाच चाकाखाली आलेला खड्डा मात्र त्यामुळे जास्त जाणवतो, म्हणून इथेही हात आवरावा लागतो.

मस्टँगवरून कॅरोल शेल्बीने बनवलेल्या १९६५च्या जीटी३५० या वेगवान गाडीमध्ये हे सगळं एकत्र पाहायला मिळतं. तिला कोनीचे शॉक आणि पुढे एक इंची बार होता. पण तिची सर्वांत गाजलेली सुधारणा या दोन्हींपैकी नव्हती. फोर्डचे अभियंता क्लाउस आर्निंग यांच्या आखणीनुसार पुढच्या वरच्या आर्मचा खिळा, म्हणजे तो ज्यावर फिरतो तो टेकू, एक इंच खाली घेतला होता, त्यामुळे कललेल्या गाडीचं बाहेरचं चाक रस्त्यावर अधिक सरळ बसतं. १९६६च्या मॉडेलात खर्च वाचवण्यासाठी ते पुढे बंद केलं गेलं. आज ते करायला चार भोकं पाडण्याचं काम आणि नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), एवढंच लागतं. इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

कॅटलॉगमधले आकडे वाचताना मात्र जपायला हवं. इंचाला ५०० पौंडांची स्प्रिंग म्हणजे चाकापाशी ५०० नव्हे. स्प्रिंग आर्मच्या मध्यावर बसली असेल तर चाकापाशी त्याचा चौथा भागच पोहोचतो. म्हणून मस्टँगची स्प्रिंग आणि दुसऱ्या गाडीची स्प्रिंग यांची आकड्यावरून तुलना करू नये.

क्रायस्लरच्या गाड्यांत गोंधळ वेगळ्या वाटेने शिरतो. डॉज चार्जर किंवा प्लिमथ रोड रनरला पुढे कॉइल (वेढ्यांची) स्प्रिंग नाही, टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आहे. जुन्या अँबॅसिडरच्या खाली वाकून पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. त्याच्या टोकाचा बोल्ट फिरवला की गाडी वर-खाली होते आणि पुष्कळांना वाटतं, आपण स्प्रिंग कडक केली. फक्त उंची बदललेली असते. कडकपणा बारच्या जाडीत आणि लांबीत असतो. जाडी ०.८८ इंचावरून १ इंच केली तर तो सुमारे दोन तृतीयांशांनी वाढतो. कॉइल स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली आणणाऱ्यांची चूक याच्या उलट असते. त्यांना फक्त उंची कमी करायची असते, पण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडकही होते.

शॉकला स्प्रिंगचं काम सांगण्याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे एअर शॉक. १९७०च्या दशकात रुंद टायर मावावेत म्हणून मागची बाजू उचलायला ते सर्रास वापरले गेले. शॉक जिथे बोल्टने बसतो ती जागा गाडीचं वजन सतत पेलण्यासाठी बनवलेली नसते. हवा भरली की ते वजन तिच्यावर येतं आणि तिथला पत्रा कालांतराने तडकतो. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसले असतील तर पाटेच बदलावेत.

पाट्यांवरून १९६७च्या शेवरले कॅमारोची गोष्ट सांगायलाच हवी. तिला मागे एकाच पात्याचे पाटे होते आणि दोन्ही शॉक ॲक्सलच्या पुढे. जोरात ॲक्सिलरेटर दिला की ॲक्सल पाट्यांना पीळ देऊन उलटा फिरू पाहायचा, सुटायचा, पुन्हा पीळ द्यायचा, आणि मागची चाकं रस्त्यावर उड्या मारायची. १९६८मध्ये एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे नेला, ताकदवान इंजिनांच्या गाड्यांना अनेक पात्यांचे पाटे दिले. पाट्यांनी पीळ कमी केला आणि उरलेली उसळी दोन्ही बाजूंच्या शॉकनी शमवली. एकट्याने कोणाचंही भागलं नसतं.

रोजच्या गाडीसाठी मी क्रम असा धरतो. आधी आर्मच्या सांध्यांतले वाळलेले रबरी बुश आणि बॉल जॉइंट बदलायचे, कारण ते ढिले असताना बाकी काहीच नीट तपासता येत नाही. मग आजच्या रेडियल टायरना मानवेल अशी अलाइनमेंट. कंपनीने छापलेले आकडे जुन्या बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या) टायरसाठी होते, रेडियलला जास्त कॅस्टर (स्टीअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) आणि थोडा ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) लागतो. मग मूळ स्प्रिंगांना शोभतील असे चांगले शॉक, नंतर पुढे जाड बार. इतकं झाल्यावर महिनाभर गाडी चालवावी. तरीही ती खाली टेकत असेल किंवा फार कलत असेल तरच स्प्रिंगांना हात लावायचा, आणि तोही पुढेमागे मिळून. रस्त्यावरच्या गाडीत मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद डोलावी हे अभियंता मॉरिस ओली यांनी जनरल मोटर्समध्ये असताना मांडलं होतं. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागची बाजू उशिरा सुरू होऊन पुढचीला गाठते आणि गाडी सपाट राहते. फक्त पुढेच कडक स्प्रिंगा टाकल्या की हे बिघडतं आणि गाडी पुढेमागे डुलायला लागते.

रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी जॅकवर नको, चारही चाकांवर उभी हवी. लटकत्या आर्मवर आवळलेलं रबर गाडी खाली येताच पिळलं जातं, आणि नवे बुश काही महिन्यांत फाटतात.